पलटणीतल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा

सातारा, कोकण, सांगली-कोल्हापूर या पट्ट्यात घरटी एखादा तरी माणूस पलटणीत होऊन गेलेला असतो. ‘पणजोबा बसऱ्याला गेले होते’, ‘आजोबा हिटलरच्या लढाईत इटलीत होते’ एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि माहिती तिथेच संपते. नातवंडं मोबाईलवर नाव टाकून बघतात, काही सापडत नाही, विषय मागे पडतो.

न सापडण्याचं कारण साधं आहे. जे लढाईत कामी आले त्यांच्या याद्या झाल्या, स्मारकं झाली, त्या याद्या पुढे नेटवर आल्या. पंधरा-वीस वर्षं नोकरी करून, पेन्शन घेऊन गावी परतलेल्या माणसाची अशी यादी कुणी केली नाही. पंजाबपुरती एक मोठी नोंद लाहोरच्या संग्रहालयात सापडली. पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३,२०,००० सैनिकांची गाववार माहिती तिच्यात आहे, पण आपल्या माणसांना तिचा उपयोग नाही. आपल्या सैनिकाचा माग घरच्या ट्रंकेत, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, तहसिलीच्या दप्तरात आणि त्याच्या पलटणीच्या रोजनिशीत विखुरलेला आहे. तो गोळा करायचा तर नावाच्या मागे लागून चालत नाही. आधी नंबर आणि पलटण शोधायची, नाव नंतर जुळवायचं. ‘रामा शिंदे’ पलटणीत डझनावारी असत, नंबर मात्र त्या पलटणीत एकाचाच असे.

सुरुवात घरातून

पहिलं काम म्हणजे पदकं शोधणं. ती देवघरात, धान्याच्या कणगीमागे, एखाद्या आत्याच्या डब्यात असतात. सापडली की घासूनपुसून चकाकवू नका, कारण कामाचा मजकूर कडेवर असतो आणि घासल्याने तो झिजतो. गोल पदक उभं धरून त्याची कड खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवा. बारीक रोमन अक्षरांत ओळीने नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसेल. अक्षरं पुसट असतील तर भिंगापेक्षा मोबाईलचा कॅमेरा बरा. बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकून चार-पाच फोटो काढा, एकात नाही तर दुसऱ्यात अक्षर उठतं. तारेच्या आकाराच्या पदकावर हाच मजकूर पाठीमागे असतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर हे जवळपास हमखास मिळतं, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची पदकं कोरी दिली गेली तरी भारतीय सैनिकांच्या पदकांवर पुष्कळदा नाव सापडतं.

राजाच्या मुखवट्याचं पहिल्या महायुद्धाचं पदक चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर ते टाकाऊ समजू नका. असं पदक मजूर पथकातल्या आणि पलटणीबरोबरच्या बिगरलढाऊ माणसांना मिळालं. म्हणजे आपला माणूस बहुधा भिस्ती, खेचरवाला, स्वयंपाकी किंवा मजूर म्हणून गेला होता. घरात पदकांऐवजी हाताच्या पंज्याएवढी ब्राँझची तबकडी असेल, तिच्यावर ब्रिटानिया, सिंह आणि एकच नाव असेल, तर ती कामी आलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली स्मृतिफलक-तबकडी आहे. तिच्यावर हुद्दाही नाही आणि पलटणही नाही, पण त्या घरचा माणूस पहिल्या महायुद्धात गेला एवढं ती निश्चित सांगते.

पदकांनंतर डिस्चार्जचा कागद आणि पेन्शन बुक शोधा. डिस्चार्जवर भरतीची तारीख, सेवेची वर्षं, चालचलणूक आणि नोकरी सुटण्याचं कारण असतं. पेन्शनच्या कागदांवर पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या हुकमाचा नंबर असतो, शिवाय गाव, तालुका, बापाचं नाव, उंची आणि ‘डाव्या गालावर तीळ’ अशा ओळखखुणाही असतात. ज्या पणजोबांचा एकही फोटो नाही त्यांचं रूप कधीकधी या एका कागदातच उरलेलं असतं. कागद जीर्ण असेल तर लॅमिनेशन करू नका, स्कॅन करून साध्या कागदी पाकिटात ठेवा.

फोटो असेल तर चेहऱ्यापेक्षा खांदा, दंड आणि टोपी नीट पाहा. खांद्यावरच्या धातूच्या अक्षरांवरून पलटण कळते, दंडावरच्या फितींवरून हुद्दा, आणि छातीवरच्या रिबिनींवरून फोटो कुठल्या वर्षानंतरचा ते ठरतं.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलायला मात्र उशीर करू नका. पुरुष लढाईच्या गोष्टी सांगतात, बायकांना तारखा आठवतात. मनीऑर्डर कुठून यायची, कुठल्या छावणीत कोण जन्मलं, सासरे रजेवर आले तेव्हा कुठलं साल होतं, हे त्यांना विचारा. जुनी माणसं पहिल्या महायुद्धाला ‘जर्मनची लढाई’ म्हणतात आणि मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, ‘बसरा’. आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश यांपैकी एक नाव जरी आलं तरी पुढचा शोध निम्म्यावर येतो.

नाव आणि गाव लष्कराच्या पद्धतीने लिहा

लष्करातलं नाव आणि आजचं नाव एक असेलच असं नाही. भरती करणारा कारकून ऐकू येईल तसं रोमन लिपीत लिहायचा. त्यामुळे शिंदेचं ‘सिंदे’, जाधवचं ‘जाधाव’, मोरेचं ‘मोरी’ अशी रूपं धरून शोधावं लागतं. पुष्कळांचं आडनाव नोंदलंच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. जुन्या मुंबई सैन्यातल्या महार सैनिकांच्या नावांना शेवटी ‘नाक’ लागलेलं दिसतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची महार सैनिकांची नावं त्याच खुणेवरून ओळखता येतात.

आडनाव पिढीत कसं बदलतं याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण सैनिकाच्याच घरचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील लष्करात सुभेदार होते, त्यांचं नाव रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी मुलाचं नाव पडलं ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं. लष्करी कागदात ‘आंबेडकर’ शोधणाऱ्याला हे रामजी कधीच सापडले नसते. तुमच्या घराण्यातही गावावरून, वाडीवरून किंवा हुद्द्यावरून आडनाव पडलं असेल, तर दोन्ही-तिन्ही रूपांची यादी आधीच करून ठेवा.

गावाचंही तेच. आजचा जिल्हा टाकून शोध घेतला तर हाती काही लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधी कुडाळ-मालवणचा माणूस ‘रत्नागिरी’चा. सावंतवाडीचा असेल तर ‘सावंतवाडी संस्थान’. महाड-माणगावचा माणूस ‘कुलाबा’ जिल्ह्याचा, रायगड हे नाव नंतरचं. वाळवा-तासगावचा सैनिक साताऱ्याखाली सापडेल, कारण सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. औंध, फलटण, कोल्हापूर ही तर संस्थानंच होती.

पलटणीचा नंबर कुठल्या सालचा?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकच पलटण वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या नंबराने ओळखली गेली. पहिल्या महायुद्धात १०३, १०५ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री पलटणी होत्या, शिवाय ११४, ११६ आणि ११७ मराठा. १९२२ मध्ये फेररचना होऊन या सहाही ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका रेजिमेंटखाली आल्या. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. ११४ प्रशिक्षणाची दहावी बटालियन बनली. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर ‘३/५’ दिसलं तर तो अपूर्णांक नाही, ती पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, म्हणजेच आधीची ११०. आजोबा आणि पणजोबा एकाच पलटणीत असूनही घरच्यांना दोन वेगळ्या पलटणी वाटतात त्या यामुळे.

घरात नंबराऐवजी टोपणनाव चालत आलं असेल तर तेही कामाचं. ‘जंगी पलटण’ म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली पहिली बटालियन आणि ‘काळी पाचवी’ म्हणजे १७६९ ची दुसरी.

पहिल्या महायुद्धातला माणूस १०३, ११० किंवा ११७ मधला असेल तर एक गोष्ट लगेच तपासा. या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. ‘पणजोबा तुर्कांच्या कैदेत होते’ असं घरात कुणी बोलत असेल तर त्यामागे बहुधा हीच घटना आहे. त्या काळातल्या युद्धकैद्यांच्या याद्या आणि कार्डं आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या दप्तरात आहेत, त्यांतली पुष्कळशी नेटवर पाहता येतात.

मराठी माणूस फक्त मराठा पलटणीतच होता असं मात्र धरून चालू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, पायोनियर पलटणींत, तोफखान्यात, नौदलात तो होता. १११ महार ही पलटण १९१७ ला उभी राहून युद्धानंतर लवकरच मोडली, आणि आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला सुरू झाली. हुद्द्यावरूनही खातं कळतं: ‘सॅपर’ म्हणजे इंजिनिअर, ‘गनर’ म्हणजे तोफखाना, ‘सोवार’ म्हणजे रिसाला, ‘सिग्नलमन’ म्हणजे सिग्नल्स. घरात ‘जमादार’ म्हणत असतील तर ते १९६५ च्या आधीचं, त्या वर्षी त्या हुद्द्याला नायब सुभेदार म्हणायला सुरुवात झाली.

लढाईत कामी आला असेल तर

दोन्ही महायुद्धांतल्या मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी नेटवर फुकट पाहता येते. नावाच्या रकान्यातून शोधण्यापेक्षा रेजिमेंट निवडा, आणि ‘जादा माहिती’च्या रकान्यात रोमन लिपीत जुन्या जिल्ह्याचं किंवा गावाचं नाव टाका. बापाचं नाव आणि गाव तिथेच लिहिलेलं असतं. निकाल शंभरभर आले तरी एकेक वाचा, कारण गावाचं स्पेलिंगही कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं.

नाईक यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. कुलाबा जिल्ह्यातल्या पळसगावचे, ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, वयाच्या २२ व्या वर्षी धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. त्यांचं नाव इटलीतल्या कासिनो स्मारकावर आहे. आता समजा तुमच्या आजोबांचे भाऊ त्याच पलटणीत होते आणि त्याच आठवड्यात गेले. घाडग्यांच्या शौर्याचं वर्णन लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात छापलेलं आहे, आणि त्या दिवसांत पलटण कुठल्या भागात लढत होती हे त्यावरून तुम्हालाही कळतं. मोठ्या पदकाचा मानकरी आपल्या घरचा नसला तरी पलटण एक असेल तर त्याचे कागद आपल्या माणसाबद्दलही बोलतात.

इराकमधल्या बसरा स्मारकाबद्दल एक दुखरी गोष्ट माहीत असावी. तिथे ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या लिहिली. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात मान्य केलं की आशिया-आफ्रिकेतल्या ४५,००० ते ५४,००० मृतांना इतरांच्या बरोबरीचं स्मरण मिळालं नाही. म्हणून दगडाच्या फोटोत नाव नाही म्हणून थांबू नका, नोंदवहीत असू शकतं. नोंदवहीतही नसेल आणि तुमच्याकडे पुरावा असेल तर नाव चढवण्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो, आणि तो जरूर करावा.

गावातली संगमरवरी पाटीही शोधा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले’ अशा मजकुराच्या पाट्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाच्या ओवरीत बसवलेल्या असतात. साताऱ्याजवळच्या आपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे.

परत आला असेल तर रेकॉर्ड ऑफिस

प्रत्येक रेजिमेंटचं आणि खात्याचं स्वतःचं रेकॉर्ड ऑफिस असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दळाचं अहिल्यानगरला. नौदलातल्या खलाशांचं दप्तर मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. एक बारकावा: १९५२ मध्ये ३ मराठा ही बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. त्या सुमारास आजोबा तिच्यात असतील तर मराठा आणि पॅराशूट दोन्हीकडे विचारा.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा. नंबर, हुद्दा, नावाची सगळी रूपं, बापाचं नाव, गाव-तालुका-जुना जिल्हा, भरतीचं आणि पेन्शनचं अंदाजे साल लिहा. वारस असल्याचा पुरावा आणि पदकाच्या कडेचा फोटो जोडा. मागणी मोघम ठेवू नका. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर ‘कागद नष्ट झाले आहेत’ असं उत्तर यायची शक्यता जास्त. पेन्शन न घेता सुटलेल्या सैनिकांचे सेवेचे कागद नियमाने २५ वर्षांनी नष्ट करतात, म्हणून ते उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं. पण ‘लाँग रोल’ नावाचं कायमचं रजिस्टर असतं, त्यात नंबर, नाव, भरती आणि सुटकेची तारीख राहते. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की शीट रोल (म्हणजे सेवेचा मूळ कागद) उपलब्ध नसल्यास लाँग रोलचा उतारा द्यावा. या एका वाक्याने पुष्कळांना भरतीची तारीख मिळाली आहे.

साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात जा, फी १० रुपये. माहिती खासगी आहे म्हणून नकार आला, तर कायद्याच्या कलम ८(३) चा आधार घेऊन अपील करता येतं. २० वर्षांपूर्वीच्या घटनांना तो नकार सहसा लागू पडत नाही.

आजोबा शिपाई म्हणून लागून नायब सुभेदार किंवा सुभेदार झाले असतील तर त्यांना दोन नंबर असतात. बढतीनंतर ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. एकाच नंबराने शोधलं तर अर्धीच नोकरी हाती येते, म्हणून दोन्ही द्या. इंग्रजी काळातल्या जमादार-सुभेदारांची नावं ‘इंडियन आर्मी लिस्ट’च्या छापील खंडांत बढतीच्या तारखांसह आहेत आणि त्यातले बरेच खंड इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतात. शिपाई-हवालदारांची नावं त्यात नसतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही भेट द्या. आजीने विधवा म्हणून ओळखपत्रासाठी किंवा महायुद्धातल्या सैनिकाच्या मानधनासाठी कधी अर्ज केला असेल, तर त्या फायलीत नवऱ्याच्या सेवेचा पुरावा जोडलेला असतो. घरात हरवलेला डिस्चार्ज असा सरकारी फायलीतून परत मिळू शकतो.

तहसिलीतला सैनिक

लष्कराच्या कागदात माणूस नंबर असतो, त्याचा संसार दिसतो तो महसुलाच्या कागदात. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तहसिलीच्या अभिलेख कक्षात पाहा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून अशा नोंदवह्या, शाळांची जनरल रजिस्टरं आणि मोडी कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. ते काम वेगळ्या कारणासाठी झालं, पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला त्याचा मोठा फायदा आहे.

या वहीत मुलांच्या जन्मतारखा ओळीने लिहून काढा. पहिलं मूल १९१२ चं, दुसरं १९१४ चं, आणि तिसरं थेट १९२० चं असेल तर मधली सहा वर्षं पणजोबा कुठे होते हे वेगळं सांगायला नको. मूल झालं त्याच्या नऊ-दहा महिने आधी सैनिक रजेवर घरी होता असा अंदाज बांधता येतो, आणि तो पलटणीच्या हालचालींशी ताडून बघता येतो. शाळेच्या रजिस्टरात मुलाचं जन्मस्थळ अहमदनगर, महू किंवा क्वेट्टा असं निघालं तर कुटुंब त्या वर्षी छावणीत राहत होतं.

त्यानंतर फेरफार. लढाई संपल्यावर पुढच्या चार-पाच वर्षांत घराने जमीन विकत घेतली का, गहाण सोडवली का, ते पाहा. साठलेला पगार आणि बक्षिसाची रक्कम तिथे गेलेली असते. सरकारने सैनिकाला जमीन दिली असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आणि प्रदानाच्या हुकमाचा उल्लेख असतो. त्या हुकमाचा नंबर आणि तारीख घेऊन जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेलात की मूळ प्रकरण मागता येतं, त्यात सेवेचा तपशील जोडलेला असण्याची शक्यता असते. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’वर घरबसल्या मिळतात. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या, फोटोवरून वाचून देणारे आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या हेळव्यांच्या, म्हणजे पिढीजात वंशावळी सांगणाऱ्यांच्या, वह्या यांतून पिढ्यांचा क्रम पक्का होतो. नंबर-पलटण तिथे मिळणार नाही, पण एकाच नावाचे दोन चुलत भाऊ वेगळे करायला त्याइतका चांगला आधार नाही.

पलटण कुठे होती ते पाहा

तारखा आणि बटालियन हाती आली की पलटणीची वॉर डायरी वाचायची. युद्धकाळात बटालियन रोजच्या घडामोडी लिहून ठेवत असे. पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत, आणि फ्रान्स-मेसोपोटेमियाच्या बऱ्याचशा स्कॅन होऊन मिळतात. दुसऱ्या महायुद्धासाठी मध्यपूर्वेला १६९, इटलीला १७० आणि ब्रह्मदेशाला १७२ ही मालिका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ही चाळा. डायरीत शिपायाचं नाव क्वचितच येतं, अधिकाऱ्यांचीच येतात. तरीही पणजोबा रजेहून परतले त्या आठवड्यात पलटण नदी ओलांडत होती की छावणीत पाऊस काढत होती, हे कळतं.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकाचा शोध बराच सोपा. १९६५ च्या समर सेवा स्टारवरून त्या लढाईतला सहभाग कळतो, १९७१ च्या पूर्वी किंवा पश्चिमी स्टारवरून आघाडीही कळते. कामी आला असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या यादीत नाव शोधता येतं, शौर्यपदकांसाठी संरक्षण मंत्रालयाचं वेगळं संकेतस्थळ आहे.

हे सगळं हाती येईल तसं एका वहीत सालवार मांडत जा. डावीकडे पलटणीची तारीख, उजवीकडे घरची, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कुठल्या कागदातून आली ते. ‘आत्याने सांगितलं’ हाही स्रोतच, तसंच लिहा. दोन कागदांत तारखा जुळत नसतील तर एक खोडून टाकू नका, दोन्ही ठेवा. भरतीच्या वेळी वय वाढवून किंवा कमी करून सांगणं सर्रास चालायचं. गाव नमुना १४ ची जन्मतारीख आणि डिस्चार्जवरचं वय यात दोन-तीन वर्षांचा फरक निघाला तर माणूस चुकीचा आहे असं लगेच समजू नका, आधी बापाचं नाव आणि गाव जुळतंय का ते पाहा.